वि. स. पागे आणि आमदाराचं नेमून दिलेलं काम



दिवंगत आमदाराच्या स्मृतिदिनाला होणाऱ्या भाषणांचा साचा आपल्याला तोंडपाठ आहे. साधी राहणी, एसटीचा प्रवास, दारी आलेल्याला विन्मुख न पाठवण्याची सवय, अपरात्री कुणासाठी तरी दवाखान्यात केलेला फोन. हे गुण खोटे असतात असं मी म्हणत नाही. पण ते चांगल्या शेजाऱ्यातही असतात, चांगल्या सरपंचातही असतात, तालुक्याच्या गावी चाळीस वर्षं दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरातही असतात. आमदाराला घटनेने जे काम नेमून दिलं आहे आणि जे त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणालाच करता येत नाही, ते म्हणजे कायदा करणं आणि सरकारच्या तिजोरीवर लक्ष ठेवणं. गेलेल्या आमदाराची आठवण काढताना आपण नेमकं त्याच कामाविषयी काही बोलत नाही. आमदाराची लोकसेवा त्याने किती माणसांची कामं केली यावर मोजू नये, किती माणसांना आमदाराकडे जाण्याची गरजच उरली नाही यावर मोजावी, असं माझं म्हणणं आहे. ते तपासून पाहायला वि. स. पागे यांच्याइतकं चांगलं उदाहरण महाराष्ट्राच्या विधिमंडळाच्या इतिहासात मला दिसत नाही.

पागे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागातले. पेशाने वकील, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले, गांधीविचाराचे आणि संतवाङ्मयाचा व्यासंग असलेले. १९६० पासून १९७८ पर्यंत, म्हणजे राज्य स्थापन झाल्यापासून सलग अठरा वर्षं, ते विधान परिषदेचे सभापती होते. १९९० मध्ये ते गेले. विधान भवनातल्या संसदीय प्रशिक्षण केंद्राला आज त्यांचं नाव आहे. चरित्र यापेक्षा लांबवण्याची गरज नाही, पण त्यातल्या एका गोष्टीपाशी जरा थांबायला हवं. सभापतीचं आसन बोलण्यासाठी नसतं. सभापती लक्षवेधी मांडत नाही, तारांकित प्रश्न विचारत नाही, कपात सूचना देत नाही, विधेयक मांडत नाही. तो इतरांना बोलू देतो आणि वेळ संपली की बसवतो. ज्याला सभागृहात आपली बाजू मांडण्याचीच मुभा नव्हती, त्या माणसाचं नाव रोजगार हमीसारख्या राज्याच्या एका मोठ्या कायद्याशी कायमचं जोडलं गेलं, याचा अर्थ लावावा लागतो. सभापतींनी सरकारच्या मागे एखाद्या योजनेचा असा लकडा लावावा का, हा औचित्याचा प्रश्न कुणी काढला तर तो अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही. आसनाचा निःपक्षपातीपणा पक्षांच्या भांडणापुरता असतो, असं माझं उत्तर. मजुराला काम मिळावं की नाही, यात पक्ष घेऊ नये असं कोणत्याही संकेतात लिहिलेलं नाही. पागे यांनी मुख्यमंत्र्यांना पटवलं, मंत्र्यांना पटवलं, अधिकाऱ्यांशी हिशेब मांडून वाद घातला, आणि मुख्य म्हणजे आपल्याच भागात आधी ते करून दाखवलं.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तासगाव तालुक्यात एक एकात्मिक विकासाचा प्रयोग झाला. छोट्या शेतकऱ्याच्या जमिनीची सुधारणा आणि त्याच भागातल्या मजुराला कामाची हमी, अशी जोडी त्यात होती. या प्रयोगात नवं काय होतं, ते समजायला आधीची रीत आठवावी लागेल. दुष्काळात खडी फोडायला लावून मजुरी देण्याची पद्धत इंग्रजांच्या काळापासूनची. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळसंहिता तयार झाल्या, स्वातंत्र्यानंतरही टंचाईची कामं त्याच धर्तीवर निघत राहिली. पण त्या रीतीत दुष्काळ आहे की नाही हे सरकार ठरवत असे. तलाठ्याने पीक पाहायचं, आणेवारी लावायची, ती पन्नास पैशांच्या आत आली तर वर कळवायचं, जिल्हाधिकाऱ्यांनी टंचाई जाहीर करायची आणि मग काम निघायचं. भुकेला सरकारी मान्यता मिळेपर्यंत मजुराने वाट पाहायची. शिवाय आणेवारी लागते ती पिकाला. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याला चांगल्या सालीही मार्च ते जून काम नसतं, हे कोणत्याही आणेवारीत दिसत नाही. पागे यांच्या कल्पनेने हा क्रम उलटा केला. काम हवं की नको हे मजूर सांगेल, आणि त्याने मागितलं की देण्याची जबाबदारी सरकारची. म्हणायला एवढंच, पण यात प्रशासनाच्या हातातला एक फार मोठा अधिकार काढून घेतला जातो.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. एका माणसाच्या नावावर हे श्रेय कशाला? १९७२ चा दुष्काळ पडला नसता तर ही कल्पना तासगावातच राहिली असती. हे खरं आहे. १९७०-७१ पासून पाऊस सलग हुलकावणी देत होता आणि १९७२ साली अर्ध्याहून अधिक महाराष्ट्र उघडा पडला. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर होती, म्हणजे म्हातारीकोतारी आणि तान्ही पोरं धरूनही दहांतला एक जण खडीवर, पाझर तलावावर नाहीतर नालाबांधावर होता. त्या कामांसाठी मोर्चे निघाले, कचेऱ्यांना घेराव पडले, डाव्या पक्षांनी आणि शेतमजुरांच्या संघटनांनी रान उठवलं. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी हा कार्यक्रम पेलला नसता तर काहीच झालं नसतं. श्रेयाची ही वाटणी मला मान्य आहे. पण मोठे दुष्काळ त्याआधीही पडले होते, मोर्चेही निघाले होते, आणि पाऊस पडला की कामं बंद होऊन सगळं जिथल्या तिथे गेलं होतं. या वेळी संकट ओसरल्यावरही काम मागण्याची सोय उरली, कारण संकट येण्याआधी कुणीतरी तिचा आराखडा तयार ठेवला होता. आमदाराच्या हातात दुष्काळ आणणं नसतं आणि आंदोलन पेटवणंही बहुतेक वेळा नसतं. वेळ आली की पुढे करायला मसुदा तयार असणं मात्र त्याच्या हातात असतं.

१९७२ मध्ये रोजगार हमी योजना राज्यभर जाहीर झाली ती सरकारी निर्णयाने. नंतरची काही वर्षं ती तशीच चालली, आणि व्यवहारी माणूस म्हणेल की चाललं होतं ते बरं होतं, कायदा कशाला? सरकारी कामकाज जवळून पाहणाऱ्याला याचं उत्तर सांगावं लागत नाही. शासन निर्णय एका सहीने निघतो आणि दुसऱ्या सहीने रद्द होतो. मधल्या काळात त्यात शुद्धिपत्रकं, अटी आणि ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ हे शब्द येऊन बसतात. कायदा बदलायचा तर सभागृहात यावं लागतं, आपण काय काढून घेतोय ते उघड सांगावं लागतं, विरोधी बाकांवरून ऐकून घ्यावं लागतं. रोजगार हमी अधिनियम १९७७ चा. तो प्रत्यक्ष अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी. योजना जाहीर झाल्यापासून तोवर नाईक, शंकरराव चव्हाण, वसंतदादा पाटील आणि शरद पवार असे चार मुख्यमंत्री झाले, मधे आणीबाणी येऊन गेली, सत्ताधारी पक्ष फुटला. एवढ्या उलथापालथीत एखादी योजना कागदावर टिकली तरी पुष्कळ झालं असतं. ही कायदा होऊन बाहेर पडली.

या कायद्यामागच्या पैशाची गोष्ट तर मला कायद्याहूनही महत्त्वाची वाटते. हमी द्यायची तर पैसा दरवर्षी अर्थमंत्र्यांच्या मर्जीवर ठेवून चालत नाही. म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. त्याच्या जोडीला विक्रीकरावर आणि मोटार वाहनांवर अधिभार, बागायती जमिनीवर जादा आकारणी, शहरातल्या बिगरनिवासी मालमत्तेवर उपकर अशी बांधणी झाली, आणि यातून जेवढं जमेल तेवढंच सरकारने आपल्याकडून घालायचं ठरलं. मुंबईतल्या बँकेत किंवा पुण्यातल्या कंपनीत काम करणाऱ्याने आपली पगाराची चिठ्ठी काढून पाहावी. व्यवसाय कर म्हणून दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे हे अडीच हजार म्हणजे घटनेने या कराला घालून दिलेली कमाल मर्यादा. ती १९८८ मध्ये अडीच हजारांवर गेली. त्याआधी वर्षाला अडीचशेच होती. शहरातल्या नोकरदाराचा पैसा जत किंवा माणसारख्या दुष्काळी तालुक्यातल्या मजुराकडे नेण्याचं हे गणित पन्नास वर्षांपूर्वी विधिमंडळातल्या सर्व पक्षांनी मान्य केलं. आज हा कर भरणाऱ्या किती जणांना तो का सुरू झाला हे ठाऊक आहे, असा प्रश्न मनात येतो. पण ज्याला ठाऊक नाही तोही भरतोच, आणि कायद्याची ताकद असते ती यातच.

आता कायदा मजुराच्या हातात काय देतो ते पाहू. तो देतो एक अर्ज. कामाची मागणी करायचा हा अर्ज खेड्यापाड्यांतले कार्यकर्ते ‘नमुना चार’ म्हणून ओळखतात. त्यावर नाव, गाव, कधीपासून काम हवं, आणि सही किंवा अंगठा. तो दिला की तारखेची पोच मिळायला हवी. त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारी भत्ता लागू होतो. मूळ कायद्यात त्याची किमान रक्कम दिवसाला एक रुपया होती. एका रुपयात तेव्हाही काही पोट भरत नव्हतं. त्याचा उपयोग वेगळा होता. भत्ता दिला की काम देता आलं नाही ही कबुली सरकारी दप्तरात जायची, आणि ती कबुली कुणालाच नको असायची. म्हणून तर पोच देण्यातच टाळाटाळ. ‘अर्ज ठेवून जा’, ‘ग्रामसेवक मीटिंगला गेलेत’, ‘पन्नास मजूर जमवा, मग काम काढू’. शेवटच्या वाक्याला नियमाचा आधारही होता, कारण नवं काम सुरू करायला पन्नास मजुरांची अट होती. या योजनेसाठी पुढे झालेले कित्येक झगडे वरवर मजुरीचे दिसले तरी आतून या पोचपावतीचे होते. मजूर संघटनांनी बायाबापड्यांना पहिली गोष्ट शिकवली ती टिकाव-फावड्याची नव्हे, अर्जावर शिक्का मारून घेण्याची. जो माणूस कालपर्यंत पुढाऱ्याच्या ओसरीवर ‘काम द्या साहेब’ म्हणून हात जोडत होता, तोच आता तहसील कचेरीत तारीख मोजून भांडत होता.

दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे. कायदा छान, पण झालं काय? ‘रोजगार हमी, अर्धं तुम्ही अर्धं आम्ही’ ही म्हण काही विरोधकांनी छापून वाटलेली नाही, ती मस्टर पाहिलेल्या लोकांच्या तोंडून आली. बोगस नावं, मेलेल्यांच्या हजेऱ्या, मोजमाप घेताना मारलेली मापं, आठवड्याची मजुरी महिन्याने. कामावर पाळणाघर, प्यायचं पाणी आणि सावली असावी असं लिहिलेलं. पोरं मात्र बांधावरच्या बाभळीला टांगलेल्या झोळीत. अभ्यासकांनीही सोडलेलं नाही. कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांनी १९८० मध्येच या योजनेच्या मर्यादा मांडल्या. हेरिंग आणि एडवर्ड्स या दोघा अभ्यासकांनी १९८३ मध्ये आणखी पुढचा प्रश्न विचारला: मजुरांना गावातच थोपवून, त्यांच्याच घामाने रस्ते, तलाव आणि बांध करून घेऊन, फायदा शेवटी जमीनवाल्या बागायतदाराचाच झाला का? १९८८ मध्ये या कामांची मजुरी किमान वेतनाच्या दराला आणली गेली. दर जवळजवळ दुप्पट झाला आणि कामावरची हजेरी घसरली. रॅव्हॅलियन, दत्त आणि चौधुरी यांच्या अभ्यासाने त्यातली मेख दाखवली. मजुराला काम नको झालं होतं असं नाही. सरकारने कामं काढणंच कमी केलं. हमी कागदावर होती तशीच राहिली आणि तिचा नळ हळूच आवळला गेला.

यातलं काहीही नाकारण्याजोगं नाही, आणि पागे यांच्या गौरवासाठी ते झाकून ठेवणं त्यांनाही रुचलं नसतं. पण या आरोपांचा पोत पाहा. पाळणाघर नाही हे वाक्य तक्रार होतं, कारण पाळणाघराचं कलम आहे. काम काढलं नाही हा गुन्हा ठरतो, कारण काढायचं बंधन आहे. आमदाराने स्वतःच्या वजनाने शंभर बायकांना कुठल्या कामावर लावलं असतं आणि पुढच्या वर्षी लावलं नसतं, तर त्यावर ना कुणी पाहणी केली असती, ना कुणी कोर्टात गेलं असतं, ना परदेशी अभ्यासक इथवर आले असते. उपकारात खोट काढता येत नाही. बागायतदाराचा फायदा झाला हे बऱ्याच अंशी खरं असेल, आणि हा कायदा एकमताने मंजूर होण्याचं तेही एक कारण असेल. विधिमंडळात भल्या हेतूंपेक्षा हितसंबंधांच्या जुळणीवरच विधेयकं पार पडतात. तरीही बाईला आणि पुरुषाला एकाच मापाने मजुरी देणारं काम खेड्यात दुसरं कुठलं होतं? शेतावर बाईचा रोज गड्याच्या निम्मा धरण्याची रीत होती. इथे खोदलेल्या मातीचं माप होतं आणि माती कुणी खोदली हे ते माप विचारत नव्हतं. या कामांवर निम्म्याच्या आसपास बायका दिसत, त्याचं हे उघड कारण आहे. २००५ मध्ये संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा मागणी, पंधरा दिवस, भत्ता ही त्याची चौकट महाराष्ट्रातूनच गेली.

तिसरा आक्षेप राजकारणात मुरलेल्या माणसाचा. पागे विधान परिषदेचे, त्यांना मतदारसंघ नव्हता. ज्याला दर पाच वर्षांनी लोकांपुढे जायचं आहे त्याला गटार, रस्ता, सभामंडप सोडून कलमांत रमणं परवडत नाही. हे सांगणाऱ्यांना मी सांगोल्याकडे पाहायला सांगेन. गणपतराव देशमुख १९६२ पासून २०१४ पर्यंत सांगोला या एकाच मतदारसंघातून, शेतकरी कामगार पक्षासारख्या ओसरत गेलेल्या पक्षाच्या तिकिटावर अकरा वेळा निवडून आले. १९७२ आणि १९९५ मध्ये पडलेसुद्धा. २०२१ मध्ये ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिलं ते बहुतांशी त्यांच्या एसटीच्या प्रवासाविषयी. खरं तर त्यांनी पाच दशकं लावून धरला तो पाण्याच्या समन्यायी वाटपाचा प्रश्न. दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीने ते उभे होते, आणि सभागृहात सिंचनाच्या आकड्यांवर बोलायला उठले की मंत्र्यांना फाइल उघडावी लागे. म्हणजे धोरणावर बोलणारा माणूस निवडून येत नाही हे काही सिद्ध झालेलं नाही. अर्थात एक गणपतराव म्हणजे नियम नव्हे, हे कबूल. बाकीच्यांना वेगळ्या दिशेने ओढणारी व्यवस्था आपण उभी केली आहे. आमदाराचा स्थानिक विकास निधी २०२२ मध्ये वर्षाला पाच कोटींवर गेला. त्यातून बांधलेल्या प्रत्येक व्यायामशाळेवर नावाची पाटी लागते, कपात सूचनेवर कुणाचीही पाटी लागत नाही. ज्याने सरकारच्या खर्चावर लक्ष ठेवायचं, त्यालाच खर्चाची थैली दिली की देखरेख कोण करणार, हे विचारायची सोय राहत नाही.

ही सगळी चर्चा जुन्या काळाची वाटत असेल तर दिवाळीच्या सुमाराला बीडमधून निघणाऱ्या ट्रक-ट्रॅक्टरांकडे पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल, आणि पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर. रोजगार हमी असताना ही माणसं का जातात? कारण मजुरी काम केल्यावर, आणि तीही उशिरा, मिळते. लग्नाला, दवाखान्याला, जुनं देणं फेडायला लागणारी एकरकमी रक्कम देतो तो मुकादम. पागे यांच्या कायद्याची ही सीमा आहे. त्याने काम मागण्याचा हक्क दिला, उचलीला पर्याय दिला नाही. या कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ झालं, त्याला टनामागे काही रक्कम साखर कारखान्यांकडून मिळावी अशी तजवीजही झाली. पण महामंडळ कल्याण करतं, आणि कल्याण मागायला पुन्हा कुणाच्या तरी दारातच जावं लागतं. याच राज्याने १९६९ मध्ये माथाडी कामगारांसाठी कायदा केला. हमालाची नोंदणी मंडळाकडे, मजुरीही मंडळामार्फत, आणि मालकाकडून वसूल केलेल्या आकारणीतून भविष्य निर्वाह निधी. ज्याला मालक नेमका कोण हेच सांगता येत नव्हतं त्या हमालासाठी हे जमलं, तर कोयत्यासाठी जमणार नाही असं नाही. मसुद्यात काय हवं तेही फार गूढ नाही: कोयत्याऐवजी बाई आणि पुरुषाची वेगवेगळी नोंद आणि वेगवेगळं खातं, मुकादमाला परवाना, उचलीची लेखी नोंद आणि हंगाम संपल्यावर तिच्या हिशेबाची पोच, फडावरच्या मजुराचा मालक कारखानाच असं सांगणारं एक स्पष्ट कलम. कारखानदार विरोध करतील, आणि सभागृहात ते बाहेरच्या प्रेक्षकांसारखे बसलेले नाहीत हेही आपल्याला माहीत आहे. १९७७ मध्येही बागायतदार सभागृहाबाहेर नव्हते. विधिमंडळाच्या कोणत्याही सदस्याला हे विधेयक अशासकीय म्हणून मांडता येतं, त्याला मंत्री असावं लागत नाही. ते बहुधा मंजूर होणार नाही. पण दाखल झालं की त्याला क्रमांक मिळतो, आणि ते चर्चेला आलं की सरकारला त्यावर हो किंवा नाही असं सभागृहात उभं राहून सांगावं लागतं.